कोळशाचा हिशेब मांडणारा जेव्हन्स

प्रथम वर्षाला असताना अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एकाखाली एक तीन नावे लिहिली होती : जेव्हन्स, मेंगर, वालरा. घटत्या सीमान्त उपयोगितेच्या प्रकरणात ही नावे येतात, परीक्षेत टीप लिहिताना ती आठवावी लागतात आणि निकाल लागला की आपण ती विसरतो. माझेही तसेच झाले असते. परंतु मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालयातून नेलेले एक जाड पुस्तक चाळताना असे वाचनात आले की, यांतल्या पहिल्या माणसाला इंग्लंडभर जी कीर्ती मिळाली ती उपयोगितेमुळे नव्हे, तर कोळशामुळे. कोळसा हा शब्द दिसला आणि मी पान उलटायचा थांबलो.

थांबण्याचे कारण घरगुती आहे. माझे वडील वर्धा नदीच्या खोऱ्यात कोळशाच्या ट्रकवर आधी क्लीनर होते, आता ड्रायव्हर आहेत. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. माझी फी, माझी पुस्तके, एवढेच काय, ज्या दिव्याखाली मी हे लिहितो आहे तो दिवासुद्धा कोळशावर चालतो. आईची सिगडी (पुण्या-मुंबईकडे हिला शेगडी म्हणतात) गॅस येईपर्यंत कोळशावरच पेटत असे. तेव्हा ज्या माणसाने कोळशाचा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला, त्याची ओळख करून घेणे मला माझे घरचेच काम वाटले. या लेखात मी त्याचा उल्लेख एकेरीत करणार आहे. गुरुजनांनी क्षमा करावी. वाचता वाचता तो मला मित्रासारखा वाटू लागला, हेच त्याचे कारण.

विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सचा जन्म १ सप्टेंबर १८३५ रोजी लिव्हरपूलला झाला. अकरा भावंडांतला तो नववा. वडील टॉमस जेव्हन्स लोखंडाचे व्यापारी. आई मेरी अ‍ॅन ही विल्यम रॉस्को या त्या काळच्या नामांकित विद्वानाची मुलगी. घर सुखवस्तू होते, पण ते सुख टिकले नाही. १८४५ मध्ये आई वारली, तेव्हा हा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे इंग्लंडात आगगाड्यांच्या कंपन्यांचे जे वेड पसरले होते ते ओसरले, लोखंडाचा बाजार कोसळला आणि १८४८ मध्ये वडिलांच्या पेढीचे दिवाळे निघाले. तेजी आली की सगळे धावतात आणि मंदी आली की सगळे बुडतात, हे या मुलाने पुस्तकात वाचण्याआधी घरात पाहिले. पुढे जन्मभर तो तेजी-मंदीची कारणे शोधत राहिला, याचे मला म्हणूनच नवल वाटत नाही.

शिक्षणासाठी त्याला लंडनला पाठविले. रसायनशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र हे त्याचे आवडते विषय. युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकत असतानाच ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे नव्या निघणाऱ्या टांकसाळीत सोन्याचा कस लावणाऱ्याची जागा त्याला देऊ करण्यात आली. पदवी हातात नव्हती. पण घरची परिस्थिती खालावलेली होती आणि पगार चांगला होता. तो गेला. १८५४ च्या जूनअखेरीस जहाज निघाले ते ऑक्टोबरमध्ये सिडनीला पोहोचले. म्हणजे त्याला एकोणीस वर्षे पूर्ण झाली ती भर समुद्रात! मी आज त्याच वयाचा आहे. आमच्या गावातली माझ्याबरोबरची तीन मुले बारावीनंतर शिक्षण सोडून कामाला लागली, तेव्हा हा प्रसंग मला परका वाटला नाही.

सिडनीत तो पाच वर्षे राहिला. टांकसाळीचे काम उरकले की उरलेला वेळ त्याचा. या वेळात त्याने काय करावे? त्याने रोजच्या रोज हवामानाच्या नोंदी घेतल्या. तापमान, पाऊस, वारा, ढग, सगळे वहीत उतरवले आणि अखेरीस ऑस्ट्रेलियाच्या हवामानावर मोठा निबंध लिहिला. छायाचित्रे काढली. १८५८ मध्ये तर सिडनी शहरातील गल्ल्या, वस्त्या, गटारे पायी हिंडून पाहिली आणि कोणत्या भागात कोणत्या थरातले लोक कसे राहतात याची पाहणी लिहून काढली. कोणी सांगितले नव्हते, कोणी पैसे देणार नव्हते. मोजून पाहिल्याशिवाय चैन पडू नये, हा त्याचा स्वभावच होता.

दरम्यान वडीलही वारले होते. १८५९ मध्ये चांगल्या पगाराची ती नोकरी त्याने सोडली आणि अमेरिकेमार्गे परत येऊन तो पुन्हा युनिव्हर्सिटी कॉलेजच्या बाकावर बसला. चोविसाव्या वर्षी, आपल्याहून लहान मुलांबरोबर! १८६० मध्ये बी. ए. आणि १८६२ मध्ये एम. ए. झाला, तेही सुवर्णपदकासह. मौजेची गोष्ट अशी की, ज्या विषयात तो पुढे जगप्रसिद्ध झाला त्या अर्थशास्त्राच्या एका परीक्षेत त्याला मनासारखा क्रमांक मिळाला नव्हता, आणि त्याचा राग त्याच्या मनात बरेच दिवस होता. आपल्यापैकी काहींना हे वाचून बरे वाटेल. १८६२ मध्येच त्याने आपला उपयोगितेचा गणिती सिद्धान्त विद्वानांच्या एका सभेला पाठविला. तिकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. पुढच्या वर्षी सोन्याच्या घटलेल्या किमतीवर त्याने पुस्तिका काढली; तिने जाणकारांत थोडे नाव झाले, पण पोट भरेना. अखेर मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात तो शिकवणी घेणारा साहाय्यक म्हणून रुजू झाला.

मँचेस्टर म्हणजे कापडाच्या गिरण्यांचे आणि धुराड्यांचे शहर. ते तसे का झाले, याचे एक उत्तर कोळशाच्या भावात आहे. १७६१ मध्ये ब्रिजवॉटरच्या खाणीपासून मँचेस्टरपर्यंत कालवा काढला गेला आणि शहरातला कोळसा जवळजवळ निम्म्या भावाने मिळू लागला. स्वस्त कोळशाभोवती गिरण्या आल्या, गिरण्यांभोवती माणसे आली, आणि माणसांनी पुन्हा कोळसा मागितला. अशा शहरात राहून जेव्हन्सने प्रश्न विचारला तो इतका साधा होता की, आपण तो आधी का विचारला नाही असे अनेकांना वाटले असेल. हा कोळसा पुरणार किती दिवस?

एडवर्ड हल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने ब्रिटनच्या जमिनीत चार हजार फूट खोलीपर्यंत सुमारे ८,३०० कोटी टन कोळसा असल्याचा अंदाज केला होता. १८६१ मध्ये खाणींतून निघाला होता ८ कोटी ३६ लाख टन. भागाकार केला तर जवळजवळ हजार वर्षे. लोक या भागाकारावर निश्चिंत होते. जेव्हन्सने दाखविले की येथे भागाकार चालतच नाही. कारण कोळशाचा खप स्थिर नाही, तो दरवर्षी साडेतीन टक्क्यांनी वाढतो आहे. साडेतीन टक्के ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण त्या वेगाने वीस वर्षांत दुप्पट होते, आणि शंभर वर्षांत एकतीसपट. सावकाराच्या चक्रवाढ व्याजाची ओळख असलेल्या घरातल्या मुलाला हे समजायला गणिताचा प्राध्यापक लागत नाही. त्या हिशेबाने १९६१ मध्ये वर्षाला २६० कोटी टन कोळसा लागला असता, आणि सगळा साठा एकशे दहा वर्षांच्या आत खलास. खाणी एके दिवशी रिकाम्या होतील असे मात्र त्याने म्हटले नव्हते. खोल जावे तसा कोळसा महाग होत जाईल, महाग कोळशावर गिरण्या परवडणार नाहीत, आणि इंग्लंडची वाढ त्यामुळे खुंटेल, असे त्याचे म्हणणे होते.

पण खप वाढतो तो का? या पुस्तकाचे खरे मोल मला येथे वाटते. कोळशाचा एकूण खप हा दोन आकड्यांचा गुणाकार आहे, असे त्याने मांडले. एक आकडा माणसांचा, दुसरा प्रत्येक माणसामागे लागणाऱ्या कोळशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याच्या काळापर्यंत ग्रेट ब्रिटनची लोकसंख्या सुमारे दुप्पट झाली, पण कोळशाचा खप आठपट. म्हणजे दरडोई खप चौपट! नुसत्या माणसांच्या गर्दीकडे बोट दाखवून भागत नाही, एकेक माणूस किती जाळतो हे पाहावे लागते, ही गोष्ट १८६५ मध्ये त्याने आकड्यांनी सिद्ध केली. आजही पुष्कळ शिकलेली माणसे यांतला पहिला आकडा तेवढा मोठ्याने म्हणतात आणि दुसरा गिळून टाकतात.

यावर त्या काळच्या लोकांचे एक उत्तर तयार होते : इंजिने सुधारतील, कमी कोळशात अधिक काम होईल, म्हणजे कोळसा वाचेल. जेव्हन्सने नेमके उलटे सांगितले, आणि वाफेच्या इंजिनाचा इतिहासच साक्षीला काढला. सेव्हरीचे पहिले इंजिन इतका कोळसा खाई की ते फारसे कोणी वापरलेच नाही. त्यामुळे कोळसा वाचला, असे म्हणायचे असेल तर म्हणावे. मग न्यूकोमेनने ते सुधारले, स्मीटनने आणखी सुधारले, १७६९ मध्ये जेम्स वॅटने पेटंट घेतले. दर सुधारणेगणिक कामामागे लागणारा कोळसा कमी होत गेला आणि तसतशी इंजिने खाणीतून गिरणीत, गिरणीतून रुळांवर आणि बोटींवर गेली. स्कॉटलंडच्या लोखंडाचा दाखला तर फारच बोलका आहे. तेथे १८२८ नंतर झोतभट्टीत गरम हवा सोडण्याची युक्ती आली. एक टन लोखंडामागे लागणारा कोळसा तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली उतरला. पण लोखंड स्वस्त झाले, मागणी वाढली, भट्ट्या वाढल्या, आणि १८३० ते १८६३ या काळात स्कॉटलंडमधल्या या धंद्याचा एकूण कोळसा दसपट झाला. काटकसरीतून खप वाढतो! या विरोधाभासाला आता त्याचेच नाव पडले आहे.

हे वाचले त्या रात्री मी आमच्या घरातले दिवे मोजले. मी लहान असताना आमच्याकडे साठ वॅटचा एक पिवळा बल्ब होता. तो स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामधल्या दारावर टांगलेला असे, म्हणजे दोन्हीकडे निम्मा निम्मा उजेड. मी चौथी-पाचवीत असताना नऊ वॅटचे एलईडी बल्ब स्वस्तात मिळू लागले आणि आईने दोन आणले. बिल उतरले. आईला एवढा आनंद झाला की तिने ओसरीवर एक लावला, मग न्हाणीत एक, मग गोठ्यात. वाचलेल्या पैशांत भर घालून पंखा आला, पुढे टीव्ही, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर नसेल तर माणूस माणसात राहत नाही म्हणून कूलर. आज बिल पूर्वीपेक्षा जास्त आहे. जेव्हन्सने आमचे घर पाहिले असते तर त्याला पुस्तकात घालायला आणखी एक उदाहरण मिळाले असते. पण मला त्याला हेही दाखवावेसे वाटते की, गोठ्यातल्या त्या दिव्याखाली बसून मी दहावीचा अभ्यास केला. आमचा वाढलेला खप ही उधळपट्टी नव्हती. आम्ही तोपर्यंत त्या गुणाकारातल्या दुसऱ्या आकड्यात जवळजवळ नव्हतोच.

एप्रिल १८६५ मध्ये निघालेले हे पुस्तक पुढच्या वर्षी एकदम गाजले. जॉन स्टुअर्ट मिलने हाउस ऑफ कॉमन्समध्ये त्याचा उल्लेख केला. अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी राष्ट्रीय कर्ज फेडण्याच्या आपल्या योजनेला त्याचा आधार घेतला आणि या तरुण लेखकाला भेटीला बोलाविले. कोळशाच्या चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. १८६६ मध्ये ओवेन्स कॉलेजने त्याला तर्कशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचा प्राध्यापक केले. १८६७ मध्ये त्याचा विवाह हॅरिएट टेलरशी झाला. ‘मँचेस्टर गार्डियन’ या पत्राच्या संस्थापकाची ती मुलगी. १८७१ मध्ये ज्या ग्रंथामुळे तो आपल्या अभ्यासक्रमात आला तो अर्थशास्त्राचा ग्रंथ, पुढच्या वर्षी रॉयल सोसायटीचे सदस्यत्व, १८७४ मध्ये विज्ञानाच्या तत्त्वांवर मोठा ग्रंथ. तर्कशास्त्राची उत्तरे काढणारे, पियानोसारखे पट्ट्यांचे एक यंत्रही त्याने बनवून घेतले होते. या सगळ्याची किंमत प्रकृतीने मोजली. झोप उडे, काम थांबवावे लागे.

त्याच्या एका फसलेल्या कल्पनेबद्दल लिहायलाच हवे, कारण ती आपल्या देशातून जाते. व्यापारातील संकटे साधारण दहा वर्षांनी का येतात, याचे कारण त्याने सूर्यावरच्या डागांत शोधले. डाग कमी-जास्त झाले की पाऊस बदलतो, हिंदुस्थानातले पीक बदलते, धान्य महागले की येथला शेतकरी इंग्लंडचे कापड घेऊ शकत नाही, आणि मँचेस्टर मंदीत जाते, अशी ती साखळी. त्यासाठी त्याने दिल्लीच्या धान्याचे जुने भावसुद्धा तपासले. हे तो लिहीत होता १८७८ मध्ये, म्हणजे दख्खनच्या मोठ्या दुष्काळाच्या लगेच मागोमाग. आकडे जुळावेत म्हणून त्याने संकटांची वर्षे ओढून ताणून बसवली, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. मला मात्र वेगळेच खटकले. सोलापूर-साताऱ्याकडची उपाशी माणसे त्याच्या साखळीत येतात ती केवळ कापडाचे गिऱ्हाईक म्हणून.

कोळशाचे भाकीतही आकड्याने चुकलेच. ब्रिटनच्या खाणींनी १९१३ मध्ये सुमारे २८ कोटी ७० लाख टनांचा उच्चांक गाठला आणि मग उतरण लागली; २६० कोटींच्या जवळपास त्या कधीच गेल्या नाहीत. वारा, पाणी, भरती-ओहोटी, लाकूड, खनिज तेल या सगळ्यांचा त्याने विचार केला होता आणि यांतले काहीही कोळशाची जागा घेऊ शकणार नाही असे ठरविले होते. तेलाच्या बाबतीत तर तो साफ फसला. आणखी एक गोष्ट त्याच्या हिशेबात नव्हतीच. जमिनीतून किती निघेल हे तो मोजत होता, जळल्यावर ते कोठे जाते हे नव्हे. एक टन शुद्ध कार्बन जळला की सुमारे ३.६७ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू उष्णता अडवतो, हे जॉन टिंडालने त्याच लंडनमध्ये १८६१ मध्ये जाहीर केले होते. पण त्यावरून पृथ्वीच्या तापमानाचे गणित स्वीडनच्या अर्हेनिअसने मांडले ते १८९६ मध्ये. तोवर जेव्हन्स हयात नव्हता. हवेतल्या या वायूचे प्रमाण कारखानदारीपूर्वी दहा लाखांत सुमारे २८० भाग होते, २०२४ मध्ये ते ४२० च्या पुढे गेले होते. कोळसा संपेल ही त्याची भीती होती. आपली अडचण अशी की तो पुरून उरला आहे.

तरीसुद्धा हिशेबाची रीत टिकली. जपानचे योइची काया यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस देशोदेशीच्या कार्बनसाठी जे सूत्र मांडले, त्यात चार आकड्यांचा गुणाकार आहे : लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, उत्पन्नाच्या प्रत्येक रुपयामागे लागणारी ऊर्जा, आणि त्या ऊर्जेच्या प्रत्येक मापामागे निघणारा कार्बन. पहिले तीन जेव्हन्सच्या पुस्तकात वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात. तिसरा घटला की दुसरा वाढतो, ही तर त्याचीच शिकवण. चौथे दार मात्र त्याला बंद वाटले होते, आणि नेमके तेच त्याच्या देशात उघडले. कोळशाऐवजी आधी वायू आणि मग वारा आला, आणि ब्रिटनचा कार्बन १९९० च्या निम्म्याहूनही खाली उतरला. अर्थात लोखंड आणि कापड बाहेरून आणले की त्यांचा धूर बाहेरच्या देशाच्या खात्यावर पडतो, हेही तेथे विसरू नये. आपल्याकडे २०२४-२५ मध्ये १०० कोटी टनांहून अधिक कोळसा निघाला. तरी भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइड सुमारे २ टन, अमेरिकेत सुमारे १४. आमच्या वर्गात यावर वाद झाला तेव्हा दोन्ही बाजू एकेकच आकडा घेऊन भांडत होत्या. चौथा आकडा जलद उतरला नाही तर आईने कूलर बंद करावा की नाही असा प्रश्न येईल, आणि जलद उतरला तर वडिलांच्या ट्रकचे काय, हा प्रश्न येईल. मला यांतला दुसरा प्रश्न रात्री जागवतो.

१८८० मध्ये जेव्हन्सने प्राध्यापकी सोडली; व्याख्याने देणे त्याला कधीच आवडले नव्हते. अर्थशास्त्राचा एक मोठा ग्रंथ त्याला लिहायचा होता. १८८२ च्या उन्हाळ्यात तो बायकामुलांसह हेस्टिंग्जजवळ समुद्रकिनारी राहायला गेला. १३ ऑगस्टला एकटाच पोहायला उतरला आणि बुडाला. वय अवघे सेहेचाळीस. ग्रंथ अपुराच राहिला. त्याच वर्षी जानेवारीत लंडनच्या होबर्न पुलाजवळ एडिसनचे, कोळशावर चालणारे पहिले सार्वजनिक वीजकेंद्र सुरू झाले होते. ब्रिटनमधले कोळशाचे शेवटचे वीजकेंद्र बंद झाले ३० सप्टेंबर २०२४ रोजी.

मागे त्याची पत्नी, दोन मुली आणि सात वर्षांच्या आतबाहेरचा एक मुलगा राहिला. हा मुलगा, हर्बर्ट स्टॅन्ली जेव्हन्स, वडिलांच्याच वाटेने गेला. त्यानेही ब्रिटनच्या कोळसा व्यापारावर पुस्तक लिहिले, आणि १९१४ मध्ये तो अलाहाबाद विद्यापीठात अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून आला. आपल्या देशात अर्थशास्त्राचे एक जुने नियतकालिक निघते ते त्याने सुरू केले. त्याने वडिलांची एक आठवण सांगितली ती केन्सने १९३६ मध्ये नोंदवून ठेवली आहे. कोळशासारखाच कागदही एक दिवस मिळेनासा होईल, या धास्तीने जेव्हन्सने लिहिण्याच्या आणि बांधणीच्या कागदाचा मोठा साठा करून ठेवला होता. पन्नास वर्षे उलटली तरी मुलांच्याने तो संपला नव्हता.

ही गोष्ट मी वडिलांना सांगितली तेव्हा ते खूप हसले, आणि मग त्यांनी विचारले की, एवढा कोरा कागद घरात असून त्या मुलांनी त्यावर लिहिले तरी काय?